बारावा कागद कोरा

अण्णा गेल्यावर त्यांच्या वस्तू आवरायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या वस्तू म्हणजे मुख्यतः पुस्तकं, आणि आमच्या घरात पुस्तकांना हात मीच लावायचा, हे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे. मी घाई केली नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातून संध्याकाळी परत आले की एखादं पुस्तक काढायचं, पुसायचं, उघडून बघायचं, परत ठेवायचं. अशानं वर्ष गेलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधं कशी बनवायची ते सांगणारा तांबड्या पुठ्ठ्याचा एक जाड इंग्रजी ग्रंथ त्यांच्याकडे होता. पानांच्या कडा मलमानं पारदर्शक झालेल्या. तो मी शेवटी उघडला. जस्ताच्या मलमांचं प्रकरण जिथे सुरू होतं तिथे बटर पेपरचे बारा तुकडे घडी न घालता ठेवलेले होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेला एक वेडावाकडा आकार आणि कोपऱ्यात आकडा, एक ते बारा. पहिला आकार मोठ्या लिंबाच्या फोडीएवढा. दुसरा त्याहून लहान, तिसरा त्याहून, चौथा चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. पाचवा मात्र जवळजवळ दुसऱ्याएवढा. मग पुन्हा कमी कमी होत अकराव्या कागदावर फक्त एक ठिपका. बाराव्या कागदावर काहीच नव्हतं. नुसता आकडा.

दुसऱ्या कुणाच्या हाती हे कागद लागले असते तर त्याला ते एखाद्या आटत गेलेल्या तळ्याचे नकाशे वाटले असते. मला ते पाहताक्षणी कळले. तो अक्काचा पाय होता. आणि पाचवा कागद माझा होता.

अक्का ही अण्णांची मोठी बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो. ती अण्णांना तम्मा म्हणे, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आमचं घराणं तीनशे वर्षं इकडचं, कन्नड मुलखातलं. घरातलं मराठी असंच आहे. अक्का लग्नानंतर चार वर्षांनी विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून तिनं चूल हातात घेतली. सोवळ्याला आम्ही मडी म्हणतो. पहाटे अंघोळ करून, वाळत घातलेलं मडीचं लुगडं काठीनं काढून ती एकदा स्वयंपाकघरात शिरली की दुपारी पानं वाढून होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. देवाचा नैवेद्य तिच्या हातचा. सणाचा स्वयंपाक तिच्या हातचा. आणि मार्गशीर्षात तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं श्राद्ध असे, त्याचा सगळा स्वयंपाक ती एकटी करी. त्या दिवशी आईलाही आत येऊ देत नसे. ‘वडिलांना मी काय देणार दुसरं?’ असं ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा लहान होते, पण ते वाक्य मला समजलं होतं.

मी तेरा वर्षांची असताना, श्रावणात, तिच्या डाव्या पायाच्या घोट्यावर आतल्या बाजूला जखम झाली. खाजवण्यासारखं काहीतरी आधीपासून होतं. पायाच्या शिरा सुजलेल्या, घोट्याभोवतीची कातडी काळसर. लाकडाचा कपचा लागला आणि फुटलं. आम्हाला वाटलं आठवड्यात भरेल. हळद झाली, तूप झालं, कडुनिंबाच्या पानांचा काढा झाला, दवाखान्यातलं लाल औषध झालं. जखम भरायची सोडून पसरत गेली आणि तिच्यातून पाणी वाहायला लागलं.

वाहती जखम असलेल्या माणसाला मडी चालत नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही. ती स्वतःच एका सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली आणि आईला म्हणाली, ‘आजपासून तू.’

दुखणं तिनं बरंच सोसलं असतं. दुखण्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण मार्गशीर्षाला तीन महिने होते आणि तोवर जखम मिटली नाही तर आजोबांच्या श्राद्धाला बाहेरचा आचारी बोलवावा लागणार होता. तेवढं एक तिला नको होतं. घरात आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

अण्णांच्या दवाखान्यातले डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले होते. व्हाइटफील्डला फळझाडांच्या मधोमध त्यांचं बैठं घर होतं, आणि आठवड्यातून तीन दिवस ते आगगाडीनं शहरात येत. गाडी के. आर. पुरमला रखडली की दवाखाना उशिरा उघडे आणि अण्णा बाहेर रांगेतल्या लोकांची समजूत घालत बसत. अशा जखमा डॉक्टरांनी लष्करी इस्पितळात पुष्कळ पाहिल्या होत्या. पण अक्का त्यांना पाय दाखवायला तयार नव्हती.

‘परक्या पुरुषासमोर लुगडं वर करू या वयात? बेडा.’ बेडा म्हणजे नको. ती नको म्हणाली की नको.

मग अण्णांनी एक युक्ती काढली. स्पिरिटनं पुसलेला सेलोफेनचा तुकडा जखमेवर अलगद ठेवून त्यांनी तिच्या कडेची रेघ काढून घेतली, ती बटर पेपरवर उतरवली आणि तो कागद डॉक्टरांना नेऊन दाखवला. खोली किती, रंग कोणता, वास आहे की नाही, हे तोंडी सांगितलं. डॉक्टरांनी रोगी न पाहता कागदावरून औषध सांगितलं. असे ते कागद सुरू झाले. दर आठवड्याला एक.

औषध होतं जस्ताचं. जस्त जाळून केलेली पांढरी भुकटी, ग्लिसरीन आणि जिलेटिन गरम पाण्यावर एकजीव करायचं. ते खिरीसारखं दाट झालं की कोमट असतानाच ब्रशनं पायाला लावायचं, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत. त्यावर जाळीच्या कापडाची पट्टी गुंडाळायची, पुन्हा लेप, पुन्हा पट्टी. थंड झालं की सगळं घट्ट धरतं, पायात मोजा चढवल्यासारखं. मग आठवडाभर हात लावायचा नाही, उघडून बघायचं नाही, भिजवायचं नाही. पहाटे, पाय सुजायच्या आत, अण्णा ओसरीवर बसून हे सगळं करत. मी गरम पाण्याचं भांडं धरत असे.

अक्काला सर्वांत अवघड गेलं ते न बघणं. आमच्याकडे जखम रोज उघडायची, धुवायची, चारजणांना दाखवायची, प्रत्येकानं काहीतरी सुचवायचं.

‘आत काय चाललंय कसं कळणार रे?’

‘आत चांगलं चाललंय,’ अण्णा म्हणत. ‘आपण सारखं बघितलं नाही की ते चांगलं चालतं.’

‘भातासारखं.’

‘भातासारखंच. झाकण काढायचं नाही.’

ते तिला पटलं. पाय एका स्टुलावर ठेवून ती उंबऱ्याबाहेर पाटावर बसे आणि आईच्या स्वयंपाकावर देखरेख करी.

‘मीठ घातलंस?’

‘घातलं, अक्का.’

‘परत घालू नकोस. काल दोनदा घातलंस.’

‘काल एकदाच घातलं होतं.’

‘मग मिठाचाच दोष. आणि त्या सारात डाळ स्वल्प तरी घाल गं. कालच्या सारात डाळीचा दाणा एकटा पोहत होता, मला त्याची दया आली.’

आई हसे, पण तिचे डोळे कधीकधी भरून येत. तिला चूल नको होती. तिलाही अक्का परत आत हवी होती. गणपतीत अक्काशिवाय कडुबू, म्हणजे आमचे मोदक, झाले आणि ते फुटले. अक्का काही बोलली नाही, याचंच सगळ्यांना वाईट वाटलं.

दर आठवड्याला पट्टी कापताना अण्णा कागद काढत आणि आधीच्या कागदावर ठेवून उजेडात धरत. दुसरा पहिल्याच्या आत मावला. तिसरा दुसऱ्याच्या. चौथ्या आठवड्यात जखमेच्या कडेनं गुलाबी, पातळ, ओलसर कातडी आत सरकताना दिसत होती.

त्या काळात मला शब्दकोशाचं वेड लागलं होतं. शाळेच्या वाचनालयातून इंग्रजीचा मोठा शब्दकोश घरी न्यायला मनाई होती म्हणून मी मधल्या सुट्टीत तिथे बसून वाची आणि वहीत शब्द उतरवून घेई. अण्णांचा तांबडा ग्रंथही मी वाचायला लागले होते. त्यातला प्रत्येक अनोळखी शब्द मला कळला पाहिजे असं वाटे. आणि कळला की तो कुणाला तरी सांगितला पाहिजे असंही.

चौथी पट्टी बांधून तीन दिवस झाले होते. दुपारी मी अक्काजवळ बसून वाचत होते. तिनं सहज विचारलं, ‘पुट्टी, हे जे पायाला लावतो तम्मा, त्यात असतं काय काय गं?’

पुट्टी म्हणजे छोटी. मी तेरा वर्षांची घोडी होते, पण तिच्यासाठी पुट्टीच.

मी पाठ म्हणून दाखवलं. जस्त. ग्लिसरीन. पाणी. जिलेटिन.

‘जिलेटिन म्हणजे?’

हा शब्द माझ्या वहीत होता. मला कोण अभिमान वाटला. ‘जनावरांची हाडं आणि कातडी उकळून जो चिकट पदार्थ काढतात ना, तो. सरसासारखा.’

मी पुढचं पान उलटलं आणि वाचत राहिले. थोड्या वेळानं ती उठली, भिंतीला धरून परसात गेली. बराच वेळ झाला म्हणून मी गेले तर ती धुण्याच्या दगडावर बसली होती आणि आईची शिवणाची कात्री घेऊन पट्टी कापत होती. खालची पट्टी अण्णा कोमट पाण्यानं सैल करून मग सोडवत. तिनं ती कोरडीच ओढली. मी ‘अक्का, नको’ म्हणाले. तिनं मान वर केली नाही. पट्टीबरोबर कडेची नवी कातडी निघाली आणि रक्त आलं. मग तिनं घागरभर पाणी डोक्यावरून ओतून घेतलं, आणखी एक घागर, आणखी एक.

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा ती देवघराबाहेर ओल्या केसांनी बसली होती. पायाला हळद थापली होती आणि वर एक कोरडं फडकं.

‘मला शिवू नकोस,’ ती म्हणाली.

अण्णांनी कापून टाकलेली पट्टी पाहिली. त्यांनी काय झालं असं विचारलं नाही. त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

‘तू सांगितलंस?’

‘हो.’

‘काय सांगितलंस?’

मी शब्दकोशातलं सगळं सांगितलं. मला वाटलं मार बसेल. अण्णांनी आयुष्यात मला कधी मारलं नव्हतं, तरी वाटलं.

‘बरोबर आहे ते,’ ते म्हणाले. ‘शब्दाचा अर्थ बरोबर आहे.’ मग बराच वेळ ते चपला काढायचं विसरून तसेच बसून राहिले. ‘पुढच्या वेळी आधी मला सांग. एवढंच.’

तीन दिवस अक्का त्यांच्याशी बोलली नाही आणि पायाला हात लावू दिला नाही. भटजी येऊन पंचगव्य देऊन गेले. आधीच चिडलेल्या कातडीवर हळद चढत राहिली आणि जखम पुन्हा वाहू लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी दाराआड पुस्तक घेऊन होते. त्या दोघांनाही मी तिथे आहे हे माहीत होतं.

‘अक्का, चुकलं माझं.’

‘काय चुकलं?’

‘हाडाचं होतं, ते तुला लावलं.’

‘ते नव्हे.’ ती शांतपणे म्हणाली. ‘आजाऱ्याच्या औषधाला दोष नसतो, भटजीही तेच म्हणाले. तू मला विचारलं नाहीस, ते चुकलं.’

‘विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.’

‘म्हणाले असते. मग तू दुसरं काही शोधलं असतंस. तेवढं डोकं आहे तुला. शाळेत पहिला यायचास.’

‘दुसरा यायचो.’

‘दुसरा तर दुसरा. दुसऱ्यालाही जमतं.’

दुसऱ्या दिवशी अण्णांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि पाचवा कागद दाखवला. अण्णांची बोलणी खायची तयारी होती. डॉक्टर म्हणे आधी कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, हे मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. जिलेटिन फक्त धरून ठेवतं, काम जस्ताचं आहे आणि घट्ट पट्टीचं. जस्त कोणत्याही चिकट पदार्थात बसवा, पाय खालून वर आवळून बांधा, बाईंना पाय उंच ठेवायला लावा. एवढं करा आणि मला कागद आणून दाखवत राहा.

त्या रविवारी अण्णांनी दवाखान्यातून काचेची लादी आणि मलम घोटायची लवचिक सुरी घरी आणली. सगळं साहित्य अक्कासमोर मांडलं आणि ग्रंथ उघडून ठेवला. ती पाय वर करून बसली, आणि तिनं न्यायाधीशासारखी एकेक वस्तू तपासली.

‘हे?’

‘व्हॅसलिन. जमिनीतून जे तेल निघतं त्याचं. रॉकेलचं भावंड.’

‘जमिनीतलं. सरी.’ सरी म्हणजे ठीक. ‘हे?’

‘एरंडेल.’

‘ते मला सांगतोस? लहानपणी तुझं नाक दाबून मीच पाजलंय. हे पिवळं?’

‘मेण.’

‘मध चालतो तर मेण चालेल. हे काय, वास येतोय.’

अण्णा जरा थांबले. मग म्हणाले, ‘लोकरीची चरबी म्हणतात. मेंढीच्या लोकरीला तेलकटपणा असतो ना, तो. लोकर धुताना निघतो. पण नको असेल तर—’

‘मेंढी मारतात?’

‘नाही. लोकर कातरतात, धुतात.’

‘मग विचार कसला करतोस? मडीत धाबळी नेसते मी, ती काय कापसाची असते? लोकर शुद्ध तर तिचं तेलही शुद्ध. घाल.’ दाराआड मला हसू आलं. ‘आणि हे पांढरं म्हणजे ते जस्त.’

‘जस्त. ते पहिल्यापासूनच होतं.’

‘येतं कुठून?’

‘खाणीतून. धातू आहे तो.’ अण्णांनी कोपऱ्यातल्या कळशीकडे बोट केलं. ‘तांबं आणि जस्त वितळवून एकत्र केलं की पितळ होतं. ती कळशी घे. तिच्यात हेच आहे.’

अक्का कळशीकडे बघत राहिली. रोज चिंचेनं घासून ती कळशी तिनं तीस वर्षं लख्ख ठेवली होती. ‘म्हणजे हे माझ्या घरातलंच,’ ती म्हणाली. मग पाय पुढे केला. ‘लाव.’

नवं मलम पहिल्यासारखं घट्ट धरत नसे. त्यामुळे आठवड्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलावी लागे आणि अण्णांचं काम दुप्पट झालं. आईच्या जुन्या मऊ पातळाच्या पट्ट्या उकळून वाळवायच्या, त्यांवर सुरीनं मलम पसरायचं, खालून वर गुंडाळायचं, त्यावर ताणाची पट्टी. पसरायचं काम मी मागून घेतलं. मलमाचा थर कसा सारखा बसवायचा, सुरी किती तिरपी धरायची, हे मला अण्णांनी तेव्हा शिकवलं. काचेच्या लादीवर पांढऱ्या भुकटीचा एकही कण टोचता कामा नये. टोचला तर परत घोटायचं. मी एकदा त्यांना विचारलं, ‘जस्त नेमकं करतं काय?’

‘पूर्ण मला ठाऊक नाही,’ ते म्हणाले. ‘पाण्यात विरघळत नाही, म्हणून टिकतं. अगदी थोडं थोडं जखमेला पोचत राहतं. आजूबाजूच्या कातडीला वाहत्या पाण्यापासून वाचवतं, खाज कमी करतं, घाण वाढू देत नाही. जखम शेवटी पायच भरतो.’

आता मी ग्रंथालयात वैद्यकाची नियतकालिकं लावते तेव्हा त्यांत अधूनमधून जस्ताविषयी काहीतरी येतं. नवी कातडी तयार होताना शरीरालाच जस्त लागतं, असं डॉक्टर लोक आता म्हणू लागले आहेत. मी ते वाचते आणि अण्णांना सांगायचं राहून गेलं असं वाटतं. त्यांनी विचारलं असतं, ‘कुठल्या पानावर?’

सहावा कागद पाचव्याच्या आत मावला. सातवा. आठवा. दिवाळी आली आणि गेली. मी मनात हिशेब करत होते, आणि मला खात्री आहे की घरातला प्रत्येकजण तो करत होता. पाचवा कागद नसता तर आपण कुठे असतो. अक्कानं तो हिशेब कधी बोलून दाखवला नाही. एकदा मीच म्हणाले, ‘अक्का, माझ्यामुळे उशीर होतोय.’

‘तुझ्यामुळे कसा? विचारलं मी, सांगितलंस तू. विचारल्यावर खोटं सांगितलं असतंस तर कान उपटला असता.’ मग तिनं माझ्या हातातली सुरी नीट धरून दिली. ‘पण त्या दिवशी सांगताना फार खूश होतीस गं. ते बरं नव्हतं.’

ते खरं होतं. ते आजही मला आठवतं, आणि आजही कुणाला काही सांगताना मी आधी स्वतःकडे एकदा बघून घेते. सांगणं मात्र मी सोडलेलं नाही.

श्राद्धाच्या चार दिवस आधी अण्णांनी अकरावा कागद काढला. त्यावर ठिपका आला. आचाऱ्याला त्याच दिवशी होय किंवा नाही सांगायचं होतं. घोट्याची आतली बाजू अक्काला वाकून नीट दिसत नसे. अण्णा जे सांगतील ते तिच्यासाठी खरं. ओसरीवर आई होती, मी होते. सगळे थांबलो.

‘मिटली का रे?’

मोहरीच्या दाण्याएवढी ती उघडी जागा. पट्टीखाली झाकली गेली असती. कुणाला कळलं नसतं. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघताना मला कळत होतं की ते तिच्याकडे बघत नसून त्या ठिपक्याकडे बघताहेत.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मोहरीएवढी राहिलीय. ओल आहे. चार दिवसांत मिटेल असं मला वाटत नाही.’

रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला.

‘सांग मग आचाऱ्याला,’ ती म्हणाली. ‘आणि त्याला म्हणावं, वडिलांना मिरी जास्त लागायची. मिरची नाही, मिरी.’

त्या वर्षी श्राद्धाच्या दिवशी ती मागच्या खोलीत बसून होती. आतून मिऱ्यांचा वास आला तेव्हा तिनं मान हलवली, म्हणजे ठीक आहे अशी. जेवणं झाल्यावर अण्णा तिच्याजवळ जाऊन बसले. ते उठले तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘या खेपेला सांगितलंस.’

नंतर तीन दिवसांनी अण्णांनी पट्टी सोडली. सेलोफेन ठेवायला जागाच नव्हती. पातळ, चमकदार, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी घोट्यावर आली होती. त्यांनी बटर पेपरचा तुकडा घेतला, त्यावर बाराचा आकडा घातला आणि कोराच डॉक्टरांना नेऊन दाखवला. डॉक्टरांनी म्हणे तो बराच वेळ उजेडात धरला, नीट तपासल्यासारखा, आणि मग अण्णांशी हात मिळवला. अक्का दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून आत गेली. त्या दिवशीच्या सारात डाळ होती.

पुढची सगळी वर्षं आजोबांचं श्राद्ध तिनंच रांधलं. घोट्यावरची ती कातडी कायमची नाजूक राहिली. म्हणून अण्णा त्याच मलमाची डबी भरून देत, ताणाची पट्टी देत, आणि ती रोज सकाळी पट्टी चढवण्याआधी घोट्याभोवती मलम लावी. डबी संपली की ती अण्णांसमोर रिकामी ठेवी. अण्णा रविवारी लादी काढत. शेवटची दोन वर्षं त्यांचे हात थरथरत, तेव्हा मी घोटत असे आणि ते बोटानं लादीवर कण शोधत.

अण्णांचं वर्षश्राद्ध परवा झालं. विधी माझ्या भावानं केले. आचाऱ्याचं नाव निघालं होतं, कारण अक्का आता सत्तरीच्या पुढे आहे. तिनं ते ऐकून घेतलं. श्राद्धाच्या पहाटे मी उठले तेव्हा ती अंघोळीआधी ओसरीवर, अण्णा जिथे पट्टी बांधत तिथेच, दिव्याखाली बसली होती. पट्टी सोडलेली. डावा पाय पाटावर.

‘पुट्टी, बघ गं जरा. मला दिसत नाही. फुटलंय का कुठे?’

मी खाली बसले. तिचा पाय हातात घेतला. मी घाई केली नाही. दिवा जवळ ओढला. घोट्यावरची ती जागा पांढुरकी, गुळगुळीत, अण्णांच्या पहिल्या कागदावरच्या आकाराची. तिच्या कडेला एक रेघ दिसली. मी अंगठा फिरवला. ती कातडीची सुरकुती होती. पुन्हा फिरवला. ओल नव्हती. मी सगळीकडून बघितलं, टाचेच्या मागेसुद्धा.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कुठेही नाही.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय पाहायचं होतं ते पाहून झाल्यावर भिंतीला धरून उठली.

‘सरी,’ ती म्हणाली. ‘कळशी भरून ठेव. आणि मिरी काढ. तम्मालाही लागायची.’